आजोबा सुलटे केल्यावर

शेपटी

फळीवर होते तोवर सगळे आजोबा हसत होते.

नाताळच्या झाडाला टांगायचे काचेचे आजोबा. लाल टोपी, पांढरी दाढी आणि टोपीच्या शेंड्यातून निघालेली काचेची लांब, पोकळ शेपटी. ही शेपटी फुंकायला लागते, धरायला लागते, आणि रंग सुकेपर्यंत फळीवरच्या उभ्या खिळ्यावर खोचायला लागते. सगळ्यात शेवटी ती कापायची आणि तिथे पत्र्याची कडीवाली टोपी बसवायची. त्यामुळे फळीवर प्रत्येक आजोबा खाली डोकं वर दाढी करून उभा.

त्या फळ्यांसमोरून भात्याची दिवसभर ये-जा असे. भाता म्हणजे कारखान्याचा मालक आणि काच फुंकणारा. कारखाना म्हणजे घराच्या मागच्या तीन खोल्या. छाती भात्यासारखी म्हणून लहानपणी पडलेलं हे नाव. रागावला की नाकातून आवाजही तसाच यायचा, म्हणून ते टिकलं. येता-जाता त्याला ओळीनं वर वळलेली तोंडं दिसत आणि जिवाला बरं वाटे. बायको आठवडाभर त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. निदान तिनं रंगवलेले आजोबा तरी हसत होते.

शेपट्या कापायचं काम भात्याच्या आईचं. त्या सकाळी आईनं पहिला आजोबा खिळ्यावरून उतरवला, सुलटा केला, चष्मा वर केला, खाली केला आणि हाक मारली.

"भात्या! अरे, तू माझ्या हातात कसा आलास?"

"काय?"

"ये तर खरा. स्वतःच बघ."

आजोबांच्या कपाळावर दोन उभ्या आठ्या होत्या. डावी भुवई वर चढलेली. डोळे तिरके, समोरच्या चहात साखर कमी पडल्यासारखे. आणि ओठांची दोन्ही टोकं सरळ खाली. उलटं असताना जे हसू वाटत होतं, ते सुलटं झाल्यावर चांगलं दणदणीत फुगलेलं तोंड होतं.

धाकटा ओले हात पुसत आला. धाकटा म्हणजे भात्याचा भाऊ. काचेला चांदी चढवायचं काम त्याच्याकडे. त्यानं आजोबांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, पुन्हा आजोबांकडे पाहिलं.

"दादा, दाढी तुला शोभेल हं."

"यात माझा काय संबंध? मला तर कुणासारखा वाटत नाही हा," भाता म्हणाला. कपाळाला दोन उभ्या आठ्या घालून. डावी भुवई वर करून.

आई आणि धाकटा एकमेकांकडे बघत राहिले.

दुसरा उतरवला. तोच. तिसरा, चौथा, मागच्या फळीवरचा कोपऱ्यातला. सगळीकडे भाता. आणि दुपारी मोठ्या दुकानाच्या बाई माल बघायला येणार होत्या. गेल्या वर्षी त्यांनी प्लास्टिकचे आजोबा घेतले होते. या वर्षी कुणीतरी भीड घातली म्हणून "बघू एकदा" म्हणाल्या होत्या.

रंग

रंगवण्याची खोली मधली. तिथे खिडकीखाली भात्याची बायको बसते. आजोबा आधी पांढऱ्या रंगात बुडवून काढायचा, मग चेहऱ्याचा रंग, मग गाल, डोळे, ओठ. डाव्या हातात शेपटी, उजव्या हातात ब्रश. ब्रश स्थिर राहतो, आजोबाच फिरतो.

ती का रागावली असेल यावर भात्यानं आठवडाभर डोकं चालवलं होतं आणि त्याचा संशय एकाच गोष्टीवर होता. दाढीचे केस काढायचा तिचा बारीक ब्रश, खारीच्या शेपटीच्या केसांचा, बरेच दिवस सापडत नव्हता. आपण तो बर्नरचं भोक साफ करायला घेतला होता की काय, हे भात्याला नक्की आठवत नव्हतं. घेतला नव्हता असंही आठवत नव्हतं. म्हणून त्यानं गुपचूप नवा ब्रश आणून ठेवला होता. तो त्यानं आत्ता तिच्यासमोर धरला.

तिनं ब्रश घेतला. उजेडात धरून पाहिला. मग दाराशी उभ्या असलेल्या दिराला म्हणाली, "भाऊजी, ह्यांना सांगा, ब्रश चांगला आहे."

"दादा, ब्रश चांगला आहे."

"ऐकलं मी! इथेच उभा आहे!"

"भाऊजी, ह्यांना सांगा, ओरडलं की रंग थरथरतो."

"दादा, रंग—"

"तू गप रे! अगं, मग ही तोंडं अशी का काढलीस?"

"भाऊजी, ह्यांना म्हणावं, मी हसरीच काढायला बसते. ब्रश उचलेपर्यंत हसरंच मनात असतं. पुढचं माझ्या हाताला विचारा."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती भात्याच्या नाकासमोर लोंबत होती आणि तरी त्याला दिसत नव्हती. त्या खिडकीत वर्षानुवर्षं एक गोळा टांगलेला होता. लग्नाआधी, भाता फुंकायला शिकत होता तेव्हा, त्यानं तिला करून दिलेला पहिला गोळा. कसला गोळा! एका बाजूला कललेला, दुसऱ्या बाजूला पोचा आलेला, झोपेतून उठवलेल्या माणसाच्या गालासारखा. दुकानाच्या बाई येणार म्हटल्यावर भात्याला त्या गोळ्याची लाज वाटली. मागच्या आठवड्यात त्यानं तो उतरवला, फुटक्या काचेच्या ड्रमात टाकला आणि त्याच्या जागी एक नवा सोनेरी गोळा लावला. असा गोल की नजर घसरावी. तेव्हापासून तो कौतुकाची वाट बघत होता. रोज खोलीत यायचा, खिडकीकडे बघायचा, बायकोकडे बघायचा, घसा खाकरायचा.

चांदी

काचेचा आरसा धाकटा करतो. शेपटीतून चांदीचं पाणी आत सोडायचं, गरम पाण्याच्या टबात धरून हलवायचं. बघता बघता आतल्या बाजूनं चांदी चढते. रंग लागतो तो बाहेरून. म्हणजे रंग पुसला तरी चांदीला धक्का नाही. याच भरवशावर भात्यानं थिनरची बाटली उचलली.

"फक्त ओठ पुसतो," तो म्हणाला. "टोकं खाली आहेत ती वर करतो. त्यात काय आहे?"

ओठ पुसले, त्याबरोबर मिशी गेली. मिशीच्या कडा सारख्या करायला गेला तर गाल गेले. दुसऱ्या आजोबाला त्यानं कापूस अगदी चिमूटभर घेतला. ओठ तेवढे गेले आणि त्यानं हसू काढलं. एक टोक कानापर्यंत गेलं, दुसरं जागेवरच राहिलं.

"ह्याची दाढ दुखतेय," धाकटा म्हणाला.

"चमकी लाव त्यावर."

"दाढेवर?"

तिसऱ्याच्या वेळी भात्याचा धीर सुटला आणि त्यानं अख्खं तोंडच खसाखसा पुसून काढलं. टोपी आणि दाढी यांच्या मधोमध लख्ख चांदी उघडी पडली. भाता वाकून बघू लागला, कुठे रंग राहिलाय का.

चांदीतून एक चेहरा त्याच्याकडे बघत होता. नाक मोठं. कपाळावर दोन उभ्या आठ्या. डावी भुवई वर. ओठांची टोकं खाली.

"आई!" तो ओरडला. "अगं, हा तर मी आहे!"

"सकाळपासून काय सांगतेय मग?" आई म्हणाली आणि तेवढ्यात बाहेरची घंटा वाजली. बाई लवकर आल्या होत्या.

ग्राहक

"या बाई, बसा. चहा टाकू?"

"नको, घाईत आहे. आजोबा दाखवा."

"आधी गोळे बघा ना. हा खिडकीतला बघा, सोनेरी—"

"गोळे सगळेच दाखवतात. आजोबा."

"ते अजून सुकतायत."

"हे काय, फळीवर आहेत की. छान हसतायत."

"हो हो, फळीवरच बघा. फळीवर फार सुरेख दिसतात. उचलू नका, रंग ओला—"

"सुकलाय चांगला. अरेच्चा! हा कोण?"

"नवा नमुना आहे. म्हणजे चूक आहे. म्हणजे पुसून देतो, बाई."

"थांबा. जरा उजेडात या तुम्ही. मान इकडे. आता हा आजोबा तुमच्या तोंडाशेजारी धरते."

"बाई, सकाळपासून सगळ्यांनी धरून झालाय."

"अहो, हे तर माझे वडील! हसताय काय, खरंच सांगते. आमच्यासाठी गावभर हिंडून खेळणी आणायचे आणि हातात देताना तोंड हे असं! जणू आम्ही त्यांचं काहीतरी चोरलंय. त्या तोंडाशिवाय खेळणं घेण्यात मजाच नव्हती."

"म्हणजे... पुसू नको?"

"खबरदार! हसरे आजोबा प्लास्टिकमध्ये ढिगानं मिळतात. मला हे हवेत. चार पेट्या भरून. महिनाअखेरीला माणूस पाठवते न्यायला. पण एक सांगते, तोंड हेच पाहिजे. एक जरी हसला तरी पेटी परत. आणि हे खपले तर पुढच्या वर्षीही माझं तुमच्याकडेच. रंगवतं कोण?"

"मी. ह्यांची बायको."

"काय मनात आणून रंगवता हो इतकं खरं?"

"मनात कशाला आणायचं? समोर असतात ते बघते."

फुंकर

बाई फाटकाबाहेर पडेपर्यंत भाता खूश होता. फाटकाची कडी लागली आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आई, चार पेट्या म्हणजे महिनाअखेर. तोपर्यंत ही अशीच रागावलेली राहणार?"

"राहिलीच पाहिजे," आई म्हणाली. "तोवर तिला हसवायचं नाही. समजूत काढायची नाही. चुकलं असं तर तोंडातून काढायचं नाही."

"पण काय चुकलं तेच मला कळलं नाही अजून!"

"मग तर फारच छान. विचारूही नकोस."

दिवस जाऊ लागले. पेटी भरली, दुसरी भरायला आली. आजोबा एकापेक्षा एक सरस उतरत होते. पण भात्याला घर खायला उठलं. जेवताना मीठसुद्धा धाकट्याच्या मार्फत यायचं. धाकटा बाहेर गेला की मीठही बंद. कोणी बोलायला नाही म्हणून भाता बर्नरशी बोलू लागला. बर्नर निदान फुरफुर करायचा. ऑर्डर गेली खड्ड्यात, हिनं एकदा नुसतं "अहो" म्हणावं, असं त्याला वाटायला लागलं. मग आई दाराशी येऊन उभी राहायची आणि तो पुन्हा काचेची नळी उचलायचा.

एका दुपारी तो सुकलेली फळी न्यायला मधल्या खोलीत गेला. बायको खिडकीकडे बघत होती.

"गोळा छान आहे," ती म्हणाली.

भात्यानं मागे वळून पाहिलं. धाकटा नव्हता. म्हणजे हे त्यालाच म्हटलं होतं! त्याची छाती तट्ट भरली.

"आवडला?"

"एकदम गोल आहे," ती म्हणाली, आणि खाली बघून तिनं ज्या आजोबाच्या कपाळाला आठ्या घातल्या, तसा खवट आजोबा आजवर झाला नव्हता.

भाता शीळ घालत बर्नरपाशी आला. नळी ज्योतीत धरली, फिरवू लागला. एकदम गोल आहे. त्याची शीळ थांबली. एकदम गोल. हात थांबला. तापलेली काच वाकली, लोंबली आणि टपकन टेबलावर पडली.

तो उठला आणि फुटक्या काचेच्या ड्रमाकडे धावला. ड्रम रिकामा होता. भंगारवाला परवाच येऊन गेला होता.

"धाकट्या," तो परत येऊन म्हणाला, "नळ्या आण. सगळ्या आण. मला वाकडा गोळा करायचाय."

तुम्हाला वाटेल, वाकडा गोळा करायला काय लागतं? ते तुम्ही-आम्ही करू. भात्याला येईना. इतकी वर्षं दोन्ही हातांची बोटं एका चालीत नळी फिरवत आली होती. ती त्याचं ऐकेनात. काच लाल झाली की हात आपोआप फिरे, श्वास आपोआप मोजून जाई, आणि शेपटीच्या टोकाला टच्च गोल फुगा उभा राही. त्यानं मान तिरकी करून फुंकलं. गोल. डोळे मिटून फुंकलं. गोल. एका पायावर उभं राहून फुंकलं, तर आजवरचा सगळ्यात सुंदर गोळा झाला. शेवटी चिडून त्यानं मऊ काचेला चमच्यानं एक टोला दिला.

"हा वाकडा नाही, दादा. ह्याला मारलंय."

"तेव्हा कसा झाला होता मग?"

"तेव्हा तुला येत नव्हतं."

खिळ्यांच्या फळीवर गोल गोळ्यांची रांग वाढत चालली. मधल्या खोलीतून पावलं आली. बायको दारात उभी, ब्रश कानामागे.

"अहो, आजोबा सोडून हे काय चाललंय?"

"येत नाहीये गं."

"काय येत नाहीये?"

"वाकडा. तुझा तो वाकडा. मी टाकला तो. मला वाटलं, चांगला लावलाय, तुला आवडेल. आता पुन्हा करायला बसलोय तर मेला गोलच येतोय! हा बघ. हा बघ. हा तर बघूच नकोस."

तिनं फळीकडे पाहिलं. एकाहून एक देखणे, गुळगुळीत, निर्दोष गोळे, आणि त्यांच्यामागे घामानं निथळलेला, रडकुंडीला आलेला नवरा. तिच्या ओठांचं एक टोक हललं. मग दुसरं. मग ती अशी हसत सुटली की कानामागचा ब्रश खाली पडला. भात्यानं नुकतीच नळी तोंडाला लावली होती. त्यालाही हसू फुटलं, ते थेट नळीत गेलं, आणि काच एका गालानं भसकन फुगली.

दोघं बघतच राहिले. कललेला. पोचा आलेला. अगदी ओबडधोबड.

"आला!" भाता ओरडला.

"आला!" बायको म्हणाली.

दारातून आईचा आवाज आला. "मेल्यांनो, अजून दोन पेट्या राहिल्यात!"

पुन्हा रंग

दुसऱ्या दिवसापासून फळीवरचे सगळे आजोबा रडवेले दिसू लागले. आता शहाणा झालेला भाता ते बघून मटकन खालीच बसला. एकही सुलटा करायची गरज नव्हती.

"अगं, हसतायत हे!"

"मी काय करू? आठ्या काढायला घेते आणि तुम्ही त्या गोल गोळ्यांमागे रडकुंडीला येऊन फुंकताना आठवता."

घरानं कंबर कसली. धाकटा म्हणाला, "वहिनी, तुझ्या रंगात हल्ली दम नाही." वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही फार गोड आहात." भात्यानं चहा बाजूला सारला आणि गरजला, "यात साखर आहे की नाही?" तर तिनं हसून दोन चमचे जास्तच घातली. शेवटी त्याला तिच्यासमोर स्टुलावर बसवलं, नमुना म्हणून.

"आठ्या घाला."

"घातल्यात."

"ह्या आठ्या नाहीत, सुरकुत्या आहेत. डोळे तिरके करा. अहो, असे काय बघताय माझ्याकडे, आई आहेत समोर!"

रोज तेच. पुसलेल्या आजोबांचा ढीग वाढत होता. चौथी पेटी अर्धी रिकामी, आणि उद्या सकाळी माणूस न्यायला येणार.

टोपी

आई कोपऱ्यात बसून टोप्या लावत होती. पत्र्याची टोपी, त्यात तारेची कडी, चिमटीत दाबून शेपटी कापलेल्या भोकात सोडायची. टोप्यांचा डबा तिचा. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालत नसे. तिनं स्टुलावर खुळ्यासारखा हसणारा मुलगा पाहिला, ब्रश धरून लाजणारी सून पाहिली, अर्धी रिकामी पेटी पाहिली. मोठा श्वास सोडला. डब्यात पार तळापर्यंत हात घातला आणि कापसात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं.

कापूस उलगडला. आत तो होता. पहिला. खरा. झोपेतून उठवलेल्या गालाचा.

भाता पुढे वाकला.

"आई," भाता म्हणाला, "हा ड्रमात टाकला होता मी."

"टाकलास त्याच दिवशी काढून घेतला. असं कुणी टाकतं का?"

"आणि इतके दिवस..."

"डब्यात होता."

"आई," सून उठून उभी राहिली, "मी त्याच्यासाठी झोपले नाही नीट. तुम्हाला दिसत होतं."

"दिसत होतं की. आधी वाटलं, चार दिवस जाऊ दे, ह्याचं ह्याला कळू दे. मग ऑर्डर आली. आणि किती छान काम होत होतं, सूनबाई! ओठ बघ ह्याचे, काय उतरलेत! म्हटलं, संपू दे पेट्या, मग देऊ."

"म्हणजे मी त्या ड्रमात डोकं घालून बसलो होतो तेव्हा..."

"तेव्हा मी तुझ्यामागेच उभी होते. म्हटलं, बोलू नये."

भात्याच्या नाकातून तो जुना आवाज आला. कपाळावर दोन उभ्या आठ्या पडल्या. डावी भुवई वर गेली. डोळे तिरके होऊन आईवर रोखले गेले आणि ओठांची दोन्ही टोकं सरळ खाली आली.

"हलू नका!" बायको ओरडली. तिचेही डोळे रागानं नुसते पेटले होते. "अहो, अजिबात हलू नका! भाऊजी, फळी आणा! आई, तुमच्याशी मी नंतर बोलते!"

"बोल हं, सावकाश बोल," आई म्हणाली आणि टोपी उचलली.

दिवस मावळायच्या आत पेटी भरली. एकही आजोबा हसत नव्हता. काहींच्या आठ्या दोनाच्या तीन झाल्या होत्या. मग भाता आणि त्याची बायको खिडकीपाशी उभी राहिली. एक एकदम गोल गोळा, एक हसताना फुगलेला आणि एक पहिला. मधे कुठला लावायचा यावर दोघांचं वाजलं आणि धाकट्यानं स्टूल आणेपर्यंत मिटलंही.

आईनं उरलेल्या टोप्या डब्यात भरायला घेतल्या. तळाशी, कापसाच्या दुसऱ्या पुडीत, खारीच्या केसांचा एक बारीक ब्रश होता. तिनं तो चिमटीत धरला. खिडकीकडे पाहिलं. दोघं आता स्टुलावर कोण चढणार यावर हसत होते.

आजोबा खपले तर पुढच्या वर्षीही बाई यांच्याकडेच येणार होत्या, आणि तेव्हाही तोंडं हीच लागणार होती. आईनं ब्रश होता तिथे ठेवला, त्याच्यावर टोप्या पसरल्या आणि झाकण घट्ट लावलं.